बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला जायचंय? मग हे वाचा

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की आमच्या वसईत कॅथलिक घराघरात एकच प्रश्न, "ईस्टरच्या आधी कन्फेशन झालं का रे?" (म्हणजे चर्चमध्ये फादरपाशी आपली पापं कबूल करून क्षमा मागणं.) आणि माझ्यासारखे लोक हळूच चप्पल शोधायला बाहेर सटकतात. अकरा वर्षं सटकलो मी. मागच्या वर्षी गेलो एकदाचा, तेव्हा जे कळलं ते लिहितोय.

आदल्या रात्री बायबलमधल्या दहा आज्ञा घेऊन बसा, पण "खून नाही, चोरी नाही, म्हणजे आपण ओके" असं टिक मारत सुटू नका, मी तेच केलं आणि पाच मिनिटांत संत झालो. त्यापेक्षा हे बघा, कोणाचं नाव निघालं की आपलं तोंड वाकडं होतं? माझ्या बाबतीत ते नाव सख्ख्या भावाचं निघालं. वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून चार वर्षं बोलणं बंद.

भयंकर पापंच शोधायला पाहिजेत असंही नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला संत ऑगस्टिन बिशप झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर आत्मकथा लिहायला बसला आणि सोळाव्या वर्षी पोरांबरोबर चोरलेल्या पेअरवर पानंच्या पानं लिहिली. भूक नव्हती, घरचे पेअर जास्त चांगले होते, चोरलेले बहुतेक डुकरांपुढे टाकले. मग चोरले कशाला? तर करायला मनाई आहे म्हणून, बस्स. हे वाचून मला विहिरीचा पंप आठवला, कारण पाणी मलाही तेवढं लागत नव्हतं हो.

आत गेल्यावर "फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलंय, शेवटचं कन्फेशन इतक्या वर्षांपूर्वी" एवढं म्हणायचं. पुढचं विसरलात तर फादर सांगतात, पश्चात्तापाची प्रार्थनासुद्धा. बाहेर फुटेल ही भीती सोडा, कन्फेशनमधलं फोडणारा धर्मगुरू थेट बहिष्कृत होतो, चर्चचा कायदाच आहे तसा. फक्त पाप स्वतःचं सांगा. मी सुरू झालो, "फादर, माझा भाऊ ना असा आहे की..." जाळीपलीकडून आवाज आला, "तो येईल तेव्हा त्याचं ऐकेन, तू तुझं बोल."

भाषण पाठ करून जाऊ नका. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट माहितीये ना, त्यात बापाचा पैसा उडवून घरी परतणारा पोरगा वाटेत वाक्यं जुळवतो, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. बाप लांबूनच बघतो, धावत येतो, मुके घेतो, आणि ते मजुराचं वाक्य पोराला बोलायलाच मिळत नाही, बाप मध्येच नोकरांना झगा आणायला सांगतो. कृपा कृपा म्हणतात ती ही, पोराने काही कमवायच्या आत मिळालेली. कन्फेशनचा क्रमही बघा, क्षमा तिथल्या तिथे मिळते आणि प्रायश्चित्त आपण नंतर बाहेर येऊन करतो. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांसाठी उलटं होतं, आधी कधीकधी वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर प्रायश्चित्त आणि मग क्षमा.

एखादं पाप खरंच विसरलात तर टेन्शन नको, तेही माफ, मोठं असेल तर पुढच्या वेळी सांगा. मुद्दाम लपवणं मात्र वेगळं. आणि तेच पाप परत झालं तर? परत जा. लाज वाटते, मला तर फादर आवाज ओळखतील याचीच जास्त वाटते. उलट टोकही नको, पुढे ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला तो मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना तासन्‌तास कन्फेशन करायचा आणि तरी काहीतरी राहिलं म्हणून परत यायचा, समोरचे वैतागायचे. (आमचे प्रोटेस्टंट मित्र थेट देवापाशीच कबुली देतात, त्यांना रांग नाही, मजा आहे.)

प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणायला मिळेल. फादर म्हणाले, "भावाचा नंबर आहे का अजून?" होता. चर्चच्या आवारातूनच लावला, तीन रिंग गेल्या, तो म्हणाला, "कोण?" माझा नंबर त्याने डिलीट केला होता. मी म्हटलं, "मी रे." बराच वेळ काही नाही, मग म्हणाला, "पंप सकाळी तू लाव, मी संध्याकाळी लावतो."