कॉम्बी बॉयलरच्या पाइपांचं माप लांबच्या टोकापासून ठरवा
कॉम्बी बॉयलर म्हणजे घर गरम ठेवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा एकच गॅस बॉयलर. नव्या कॉम्बीसाठी सगळीकडे 15 मिमी पाइप टाकला, तर लांबचे रेडिएटर (खोली गरम करणारे, गरम पाणी फिरणारे पॅनेल) कोमट राहू शकतात. सगळीकडे 22 मिमी टाकणं म्हणजे तांबं वाया.

घराच्या नकाशावर प्रत्येक रेडिएटरचे किलोवॅट लिहा आणि सर्वांत लांबच्या रेडिएटरपासून बॉयलरकडे बेरीज करत या. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात 11 अंशांचा फरक धरला, तर तांब्याच्या 15 मिमी पाइपातून साधारण 6 किलोवॅट उष्णता जाते, 22 मिमीमधून 13. म्हणजे 1.2, 1.8, 0.9 आणि 1.5 मिळून 5.4 झाले, इथवर 15 मिमी चालेल. पाचवा 1.4 चा जोडला की 6.8, तो जिथे मुख्य पाइपाला जोडतो त्या टी-जोडापासून बॉयलरपर्यंत 22 मिमी. परतीचा पाइपही तेवढाच जाड हवा, नेमकं हेच राहून जातं.

पुढेमागे हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) घ्यायचा असेल तर 22 मिमी लांबच्या रेडिएटरांकडे आणखी पुढे न्या. तिथे फरक 5 अंशांच्या आसपास धरतात, त्यामुळे त्याच पाइपातून निम्म्याहून कमी उष्णता मिळते.

गॅसचा पाइप या हिशेबात धरू नका. गरम पाण्याचा नळ उघडला की कॉम्बी सहसा हीटिंगपेक्षा जास्त गॅस ओढतो. ते माप परवानाधारक गॅस फिटरलाच काढू द्या.