स्टेबलकॉइनचे व्याजदर एआयकडून तपासताना

यूएसडीसी हे स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेलं क्रिप्टो नाणं. ते आवे, कंपाउंड की मॉर्फो यांपैकी कुठल्या क्रिप्टो कर्ज-ठेव सेवेवर व्याजाने ठेवावं, असं एआयला थेट विचारू नका. जुन्या माहितीवरून तो ठामपणे एखादा दर सांगून मोकळा होतो, आणि हे दर तर सतत हलतात. कर्जाची मागणी वाढून पूलमधली (सगळ्यांनी मिळून ठेवलेली) रक्कम जितकी जास्त वापरली जाते, तितकं व्याज चढतं.

म्हणून आधी डीफायलामा या क्रिप्टो आकडे गोळा करणाऱ्या साइटच्या यील्ड (व्याजदर) पानावरचे आजचे आकडे कॉपी करून एआयला द्या आणि सांगा: ‘फक्त याच आकड्यांवरून तक्ता कर. नेटवर्क (ब्लॉकचेन) एकच धर. मूळ व्याज आणि बक्षीस टोकनचा (व्याजावर वरून मिळणाऱ्या नाण्यांचा) वाटा वेगळा दाखव. ३० दिवसांची सरासरी आणि पूलमधली एकूण रक्कमही लिही. जे दिलेलं नाही, तिथे रिकामं सोड.’ शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर रिकाम्या जागा तो मनाने भरतो. माझ्या मते मूळ व्याजावरच निर्णय घ्यावा. बक्षीस कधीही बंद होतं.

मग खर्च. १,००० डॉलरवर १ टक्का जास्त म्हणजे वर्षाला १० डॉलर. पैसे हलवायचं शुल्क त्यातून वजा करा, बऱ्याचदा हातात काहीच उरत नाही.

दर फारच मोठा दिसला, तर तो कुठून येतो हे आधी शोधा. अँकर या ठेव सेवेवर यूएसटी या स्टेबलकॉइनला जवळपास २० टक्के मिळत होते. मे २०२२ मध्ये यूएसटीच कोसळलं. आणि वॉलेटचा सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) कुठल्याही एआयला देऊ नका, तुलनेसाठी तो लागतच नाही.