क्लासचं नाव आणि भाषेची नवी आवृत्ती: टक्कर कशी टाळावी

नोव्हेंबर २००५ मध्ये पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची ५.१.० ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यासोबत ‘डेट’ नावाचा क्लासही (डेटा आणि त्यावर काम करणारा कोड एका नावाखाली बांधणारा घटक) आला. ‘पेअर’ या तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी-संग्रहात नेमका त्याच नावाचा क्लास आधीपासून होता, आणि एका नावाचे दोन क्लास पीएचपी खपवून घेत नाही. चारच दिवसांत ५.१.१ काढून भाषेने माघार घेतली. पुढच्या वर्षी ५.२ मध्ये तीच सोय ‘डेटटाइम’ या नावाने आली. असं भाग्य क्वचित लाभतं. एरवी नाव बदलायची पाळी आपल्यावरच येते.

आधी टक्कर कोणत्या जातीची ते ओळखा

कधी भाषा नवा क्लास आणते, तर कधी एखादा शब्दच राखीव करून टाकते, म्हणजे फक्त स्वतःच्या वापरासाठी ठेवून घेते. वरवर दोन्ही सारखंच वाटतं, पण उपाय वेगळे आहेत. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये मजकुराची कापाकापी करणारा ‘स्ट्रिंग’ नावाचा क्लास होता. पीएचपी ७ वर गेलो आणि पहिल्याच रिक्वेस्टला फेटल एरर, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवणारी चूक: हे नाव राखीव आहे, क्लासला देता येणार नाही. मी म्हटलं, नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात टाकू, सुटेल. नाही सुटलं. राखीव नाव नेमस्पेसच्या आतही चालत नाही. शिवाय पीएचपीत क्लासच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद नसतो, त्यामुळे ती पळवाटही बंद. ‘इंट’, ‘फ्लोट’, ‘बूल’ ही नावंही त्याच आवृत्तीत गेली, ‘ऑब्जेक्ट’ ७.२ मध्ये, ‘मिक्स्ड’ आणि ‘मॅच’ ८.० मध्ये.

नाव ठेवताना एक शब्द जास्त लिहा

‘रेकॉर्ड’, ‘मॉड्यूल’, ‘रेंज’, ‘टाइप’ असली सुटसुटीत नावं भाषा बनवणाऱ्यांनाही तितकीच आवडतात. ‘रेकॉर्ड’ऐवजी ‘पेशंटरेकॉर्ड’ लिहा. टायपिंग थोडं वाढतं, पण वाचणाऱ्यालाही तेच बरं पडतं. नाव सुचताक्षणी ‘हे तर भाषेतच असायला हवं होतं’ असं वाटलं, तर ते नाव सोडून द्या.

स्वतःचा कोड स्वतःच्या नेमस्पेसमध्ये ठेवा

भाषेने नवा क्लास आणला तर त्यावर खरा उपाय हाच. पीएचपीत ही सोय ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. एक खोच मात्र लक्षात ठेवा. नेमस्पेसच्या आत नुसतं ‘डेटटाइम’ लिहिलं तर पीएचपी तो क्लास तुमच्याच नेमस्पेसमध्ये शोधते आणि सापडला नाही म्हणून थांबते. फंक्शनच्या बाबतीत ती बाहेर जाऊन बघते, क्लासच्या बाबतीत नाही. म्हणून भाषेच्या क्लासपुढे बॅकस्लॅश द्या किंवा वर ‘यूज’ची ओळ लिहा.

जावात तारांकित इम्पोर्ट टाळा

जावा या दुसऱ्या भाषेत क्लास पॅकेज नावाच्या गटांत असतात आणि ते फाइलमध्ये वापरायला आणणं म्हणजे इम्पोर्ट. पॅकेजच्या नावापुढे तारा लिहून सगळे क्लास एका ओळीत ओढता येतात, पण भाषा वाढली की ते अंगाशी येतं. १९९८ मध्ये जावा १.२ ने ‘युटिल’ पॅकेजमध्ये ‘लिस्ट’ आणलं. ‘एडब्ल्यूटी’ या पॅकेजमध्ये खिडकीवर यादी दाखवणारं ‘लिस्ट’ आधीच होतं. दोन्ही पॅकेजं तारा लावून आणणाऱ्या आणि नुसतं ‘लिस्ट’ लिहिणाऱ्या फाइली कंपाइल होईनात. २०२१ मध्ये जावा १६ सोबत ‘रेकॉर्ड’ पक्कं झालं तेव्हाही तेच, कारण ‘जावा डॉट लँग’ पॅकेज प्रत्येक फाइलमध्ये आपोआप येतं आणि तेही तारा लावल्यासारखंच. तुम्ही तुमचा ‘रेकॉर्ड’ पूर्ण नावाने इम्पोर्ट केला असेल तर तोच वरचढ ठरतो. एका ओळीचं काम.

‘नसेल तर माझा वापर’ ही युक्ती जपून

क्लास अस्तित्वात नसेल तरच स्वतःचा घोषित करायचा, असा कोड पुष्कळ ठिकाणी दिसतो. तुमचा क्लास भाषेतल्या क्लासची हुबेहूब नक्कल असेल तर ठीक. नसेल, तर ज्या दिवशी भाषा त्या नावाचा क्लास आणेल त्या दिवशी तुमचा गुपचूप बाजूला पडेल, आणि चूक भलत्याच ठिकाणी, नसलेल्या मेथडवर (क्लासमधल्या फंक्शनवर) दिसेल. मला तर यापेक्षा सरळ फेटल एरर परवडते.

अपग्रेडआधी तपासा

पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक आवृत्तीसाठी स्थलांतराची पानं असतात; त्यात नवे क्लास आणि मोडणाऱ्या गोष्टी यांच्या याद्या स्वतंत्र दिलेल्या असतात. त्या वाचा. मग नव्या आवृत्तीच्या लिंटमधून, म्हणजे कोड न चालवता चुका शोधणाऱ्या तपासणीतून, सगळ्या फाइली काढा. राखीव नावं तिथेच पकडली जातात.

नाव बदलावंच लागलं तर

एडिटरचं रीनेम कोडमधली नावं बदलतं, पण कॉन्फिग फाइलींत आणि डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून पडलेली नावं त्याला दिसतीलच असं नाही. पीएचपीने सिरियलाइझ केलेल्या, म्हणजे साठवण्यासाठी मजकुरात बदललेल्या ऑब्जेक्टमध्ये क्लासच्या नावाआधी त्या नावाची लांबी लिहिलेली असते, ‘स्ट्रिंग’साठी ६ (इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं). मी डेटाबेसमध्ये फक्त नाव बदललं, आकडा तसाच राहिला, आणि एकही नोंद परत उघडेना. दोन्ही एकत्र बदला. जुनं नाव राखीव झालेलं नसेल तर क्लासला दुसरं नाव देणाऱ्या ‘क्लास एलियास’ने एखाद्या आवृत्तीपुरतं ते चालू ठेवा, म्हणजे तुमची लायब्ररी वापरणाऱ्यांना बदलायला वेळ मिळतो.