पाच लाखांचे आरोग्य कवच: गावातल्या कुटुंबाने आजारपणाआधी करायची तयारी

२ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावरील कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळत असत. पुढे योजनेला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही तीत आले. परंतु माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी बाहेरच राहिला. एक भाऊ नोकरीला म्हणून सामाईक कार्ड पांढरे, आणि जिरायतीवर राहणाऱ्या दुसऱ्या भावाच्या हाती त्या पगारातला रुपयाही नाही, अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या विस्ताराने कार्डाच्या रंगाची अट गेली, संपूर्ण कुटुंबाची वार्षिक मर्यादा पाच लाखांवर आली आणि उपचारांची यादी १,३५६ पर्यंत वाढली. गावासाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण इथे मोठे आजारपण आले की पहिला घाला दावणीच्या जनावरांवर आणि बायकांच्या दागिन्यांवर पडतो. तो टाळायचा असेल, तर घरातील सर्व जण धडधाकट असतानाच पुढील कामे उरकून घ्यावीत.

पहिले काम रेशनकार्डाचे. लग्न होऊन दोन-तीन वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले नसते आणि सासरच्या कार्डात चढलेले नसते. लहान मुलाचे नाव तर शाळेत घालताना आठवते. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन ही नावे आजच लावून घ्यावीत. त्यानंतर प्रत्येकाचे आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळते का, ते पाहावे. एकीकडे ‘हौसाबाई’ आणि दुसरीकडे ‘हौसा’ असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी ओळख पटवताना अडचण येते.

मग उपचाराच्या वेळी योजनेसाठी ओळख पटवणारे आयुष्मान कार्ड काढावे. ते आपले सरकार सेवा केंद्रात, आशाताईंच्या मदतीने किंवा मोबाइलवरील आयुष्मान अ‍ॅपवरून निघते. माझ्या आईच्या वेळी आम्ही सेवा केंद्रात अर्धा दिवस घालवला. चाळीस वर्षांच्या खुरपणीने तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या होत्या की, पदराला अंगठा पुसून तिने दहा वेळा यंत्रावर टेकवला तरी तो उमटेना, आणि ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा चेहरा स्कॅन करूनही ओळख पटवता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. म्हणून घरातील ज्येष्ठांच्या आधारला घरातलाच चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, याची आधी खात्री करावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते वेगळे काढून घ्यावे.

सर्वांत जास्त फसगत होते ती रुग्णालय निवडताना. ‘अमुक दवाखाना योजनेत आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. रुग्णालयाला मान्यता मिळते ती ठरावीक विभागांसाठी. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी अंगीकृत असलेल्या ठिकाणी हृदयाचा उपचार योजनेतून होईलच असे नाही, आणि काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसाठी १४५५५) फोन करून ‘या आजारावरचा हा उपचार त्या रुग्णालयात योजनेतून होतो का?’ असेच विचारावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला तिथे नेमलेल्या माणसाचे, टेबल गाठावे. रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड आणि जुने सर्व रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवावेत. नोंदणी झाल्यावर रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी मागवते. प्रसंग तातडीचा असेल, तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. आमच्या एका नातलगाला जिल्ह्याच्या ठिकाणी ‘हे योजनेत बसत नाही, आधी पंचवीस हजार भरा’ असे तोंडी सांगण्यात आले आणि घाबरून त्यांनी डोरले गहाण ठेवले. तो उपचार यादीत होता, हे नंतर कळले. योजनेत बसत नाही असे कोणी म्हटले, तर नकाराचे कारण लेखी मागावे, तिथूनच वरील क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पैसे भरावेच लागले, तर पावतीशिवाय भरू नयेत.

या विस्ताराने जे दिलेले नाही, तेही नीट समजून घ्यायला हवे. योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. बाह्यरुग्ण तपासणी, रोजच्या गोळ्या, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज आणि त्याचे गाडीभाडे घरालाच सोसावे लागते. मोठी रुग्णालये शहरांत एकवटलेली असल्यामुळे हा भार गावकऱ्यावर अधिक पडतो. म्हणूनच हाती कार्ड आले तरी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट सोडू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत, आणि रक्तदाब-मधुमेहाची तपासणी तिथे होते. गोळ्या चुकवत राहून मूत्रपिंड निकामी झाले, तर डायलिसिस योजनेत होईल हे खरे. पण आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची एसटी पकडून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे आणि रात्री परतायचे, यात घरातील एक कमावता माणूस कायमचा अडकतो.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, पुढील तपासणीची तारीख आणि सोबत मिळणारी औषधे आरोग्यमित्रासमोर तपासून घ्यावीत. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण आणि त्याचे घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. संकोच न करता ते मागून घ्यावे.