‘हेवी’ कुठे लावायचं, कुठे नाही

मराठीत पाऊस जोराचा, वारा जोराचा आणि तापही जोराचा. इंग्रजीत मात्र हे तिघे वेगवेगळ्या घरचे: पावसाला ‘हेवी’, वाऱ्याला ‘स्ट्राँग’, तापाला ‘हाय’. ‘हेवी’ म्हणजे ‘जड’ एवढंच पाठ करून ठेवलं, की ‘हेवी फीव्हर’, ‘हेवी विंड’ असं बोललं जातं. समोरच्याला अर्थ समजतो, पण वाक्य कानाला खटकतं. म्हणून हा शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्यापुढच्या नामासकट उचलावा.

वजनाचा अर्थ सोपा आहे: हेवी बॅग, हेवी बॉक्स. वजन विचारायचं तर ‘हाउ हेवी इज इट?’ चालतं. पण ‘माय वेट इज हेवी’ म्हणू नका. जड असते ती वस्तू. तिचं वजन ‘हाय’ असतं, किंवा सरळ ‘आय वे सेव्हंटी किलोज’ म्हणावं.

खरी गंमत दुसऱ्या अर्थात आहे. इथे ‘हेवी’ प्रमाण किंवा जोर सांगतो: हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, हेवी ब्लीडिंग, हेवी लॉसेस, हेवी फाइन (म्हणजे जबर दंड). भारतीय हवामान विभागाने तर पावसाच्या बाबतीत आकडेच ठरवले आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, 115.6 ते 204.4 म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, म्हणजे शेवटच्या पायरीच्याही चौपटीहून जास्त. पावसाची बातमी इंग्रजीत लिहिताना म्हणूनच ‘हेवी’ आणि ‘व्हेरी हेवी’ सहज म्हणून अदलाबदल करू नयेत.

माणसाला लावताना तो काय करतो ते पाहायचं. ‘हेवी स्मोकर’ म्हणजे लठ्ठ माणूस नव्हे, भरपूर सिगारेटी ओढणारा. तो अंगाने काडीसारखाही असू शकतो. ‘हेवी स्लीपर’ म्हणजे गाढ झोपणारा, ढोल वाजवला तरी न उठणारा. जोर क्रियेवर आहे, शरीरावर नाही.

शेतकऱ्याला एक जोडी आयतीच मिळते: भारी जमीन म्हणजे ‘हेवी सॉइल’, हलकी जमीन म्हणजे ‘लाइट सॉइल’. दोन्ही भाषांत जडपणा वजनाचा नाही, मशागतीचा आहे. भारी जमिनीत चिकणमाती जास्त असल्याने ती पाणी धरून ठेवते आणि ओली असताना नांगराला चिकटते. घमेल्यात भरून तोलली, तर कोरडी रेताड मातीच बहुधा जास्त भरेल.

पण ‘भारी’ आला की दर वेळी ‘हेवी’ लिहायचं नाही. ‘सिनेमा भारी आहे’चं ‘द फिल्म इज हेवी’ केलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की बघून मनावर ओझं येतं. तिथे ‘ग्रेट’ हवं. भारी साडी किमतीने भारी असेल तर ‘एक्स्पेन्सिव्ह’. जड अंतःकरण मात्र जसंच्या तसं ‘हेवी हार्ट’ होतं. जड जेवणही ‘हेवी मील’. फक्त तूप-मसाल्याने पोटाला जड झालेल्या पदार्थाला ‘रिच’ जास्त नेमकं.

चुका सगळ्यात जास्त होतात त्या दवाखान्यात आणि घर शोधताना. डॉक्टरांना सांगताना ताप ‘हाय’, दुखणं ‘सिव्हिअर’, रक्तस्राव ‘हेवी’, सर्दी ‘हेवी’ किंवा ‘बॅड’. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ‘हेवी पीरिअड्स’ हाच रूढ शब्द आहे, तो न लाजता वापरावा. घराच्या बाबतीत मुंबई-पुण्यातलं ‘हेवी डिपॉझिट’ हे आपल्याकडचं चलन: मोठी रक्कम एकरकमी द्यायची आणि महिन्याचं भाडं नाही किंवा अगदी थोडं. परदेशातल्या घरमालकापुढे हा शब्द टाकला तर व्यवहार कळणार नाही. रक्कम आणि भाडं दोन्ही वेगवेगळं उलगडून सांगावं.

शंका आली तर उलटा शब्द लावून बघा. ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’, ‘लाइट स्लीपर’ जुळतात, म्हणजे तिथे ‘हेवी’ही जुळतो. ‘लाइट फीव्हर’ जुळत नाही, तिथे ‘माइल्ड’ लागतं, म्हणून ‘हेवी’ही नको. ही कसोटी शंभर टक्के नाही. वारा तिला चकवतो: ‘लाइट विंड’ बरोबर आहे, तरी जोराचा वारा ‘स्ट्राँग’च. चहाचंही वेगळं, कडक चहा ‘स्ट्राँग टी’.

क्रियापदाला जोडताना ‘हेवी’चं ‘हेविली’ होतं: ‘इट रेन्ड हेविली’. ‘इट रेन्ड हेवी’ लेखनात चूक धरतात. आणि ‘हेविली प्रेग्नंट’ वाचलं तर दचकू नका. त्याचा अर्थ एवढाच, की बाईचे दिवस भरत आले आहेत.