बाइकवर एकदाच खर्च करायचा असेल तर टायरवर करा

एक्झॉस्ट, एलईडी, रंगीत लिव्हर हे सगळं नंतर. बाइक रस्त्याला टेकते ती जेमतेम तळहाताएवढ्या दोन ठिकाणी, आणि ब्रेक कितीही भारी असला तरी शेवटी पकड द्यायची ती तिथल्या रबरानेच. पावसाळ्यात ताम्हिणीत एका वळणावर माझं मागचं चाक सरकलं होतं. टायरला नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण रबर म्हातारं होऊन कडक झालेलं. नखाने दाबून बघायची सवय तेव्हापासून लागली.

दुकानात गेल्यावर ब्रँडच्या आधी टायरची कड बघा. तिथे लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं पडून असलेला माल ‘नवाच आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारला जातो. सरळ दुसरा मागा. साइज कंपनीने दिलेलीच ठेवा. रुंद टायर दिसायला झकास, पण मूळ रिमवर तो नीट बसत नाही, वळवताना बाइक जड लागते, अॅव्हरेजही घसरतं. रोज शहरातच फिरत असाल तर ऑफरोडची जाड गोट्यांची नक्षी कशाला? ओल्या डांबरावर ती कमीच धरते.

नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.