चेसिस न कापता जुन्या बुलेटची बॉबर

बॉबर, म्हणजे अनावश्यक भाग काढून हलकी आणि आखूड केलेली बाइक, करायची म्हटली की आपल्याकडे पहिला ग्राइंडर येतो. मागची फ्रेम उडते आणि पासिंगच्या वेळी गाडी लपवायची पाळी येते. अमेरिकेत 1930-40 च्या दशकांत पोरांनी केलं ते एवढंच, पुढचं मडगार्ड काढलं, मागचं आखूड केलं, वजन उतरवलं. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट 350 वर हेच नट-बोल्टवर जमतं, आणि वाटेल तेव्हा गाडी परत मूळ रूपात आणता येते.

आधी कागद. आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः ताडून बघा. 15 वर्षांनंतरचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, म्हणून जुनी सीट, फूटरेस्ट, साडी-गार्ड भंगारात घालू नका. गाडी 50 वर्षांपलीकडची असेल तर 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण ती मूळ रूपात असली तरच. अशा गाडीला बॉबर करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा आणि नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा. या गाड्यांत बरेच आटे इंग्रजी मापाचे असतात. परत बसवताना हाताने सहज न फिरणारा बोल्ट पान्याने रेटला की आटे गेलेच समजा.

रंगरंगोटीच्या आधी इंजिन. 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या फेरीची लांबी) हे इंजिन साधं, पण नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलवर चांगलंच तापतं. सिलिंडरला ओरखडे असतील तर लेथवाल्याकडे नवा ओव्हरसाइज पिस्टन घेऊन जा आणि बोअर त्याच पिस्टनच्या मापाने करून घ्या. व्हॉल्व्ह ग्राइंड करून बसवले की हेडच्या पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता. काही मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर पुन्हा ग्राइंडिंग. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना लावा, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. जुने रबरी पेट्रोल पाइप बदलाच, इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्यांना मऊ करतं.

आता मागचं मडगार्ड. बॉबर दिसते ती टायरला बिलगलेल्या मडगार्डमुळे, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं गणित फसतं. फ्रेमला बांधलेलं मडगार्ड जागचं हलत नाही, चाक मात्र खड्ड्यात वर येतं. म्हणून जवळचं मडगार्ड मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला बांधा, ते चाकाबरोबरच हलेल. टायरपासून बोटभर जागा सोडा. मग शॉकअपच्या स्प्रिंगा काढून नुसते शॉकअप परत लावा आणि चाक वर दाबा. ते अडेल तिथे मडगार्ड सीटच्या पट्टीला किंवा टूलबॉक्सला घासतंय का बघा. नंबरप्लेटची वायरही याच वेळी ओढून पाहा. मडगार्डच्या पट्ट्या 5 मिमीच्या, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले). एका सिलिंडरची थरथर साधा नट सैल करतेच. मूळ मडगार्डला हात लावू नका, दुसरं जुनं विकत घेऊन ते कापा.

सीट स्प्रिंगवाली एकट्याची. जुन्या बुलेटला तशी असायचीच, त्यामुळे ती शोभते. वायरिंग सगळं नवं, फ्यूज घालून. पुढचं मडगार्ड मी ठेवेन. त्याच्या पट्ट्या फोर्कला आधार देतात, आणि जुलैतला चिखल थेट तोंडावर येत नाही.

रंग दिवाळीनंतर मारा. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते, नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) थिनर आधीच उडून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. संत्रानगरी झाली म्हणून टाकीवर साल नको.

पहिल्या किकला अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) धरून किक जराशी पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, मग पूर्ण किक मारा. पहिले 500 किमी वेग 50 च्या आत ठेवा. पहिल्या फेरीनंतर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी हेडचे नट पुन्हा आवळा. त्यानंतर टॅपेट परत तपासा, कारण हेड बसलं की तो गॅप बदलतो.